ॲनिमेतला पुनर्जन्म आणि प्रेम: कोल्हापुरातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रंकाळ्याच्या कट्ट्यावर, विद्यापीठाच्या हॉस्टेलवर, राजारामपुरीतले क्लास सुटल्यावर चहाच्या गाड्यापाशी मला तेच ते प्रश्न विचारले जातात. 'ताई, जादू पण पाहिजे, लव्ह स्टोरी पण पाहिजे आणि मागच्या जन्माचं काहीतरी पाहिजे, काय बघू?' म्हणून ॲनिमेबद्दलची, म्हणजे जपानी ॲनिमेशनबद्दलची, सगळी उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

माझा निकष आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचा गोंधळ टळेल. मागचा जन्म या जन्मात येऊन काही मागतो का, हे मी बघते. काहीच मागत नसेल, नुसता नव्या दुनियेत शिरायचा दरवाजा असेल, तर ती गोष्ट चांगली असू शकते, पण मी ती पुनर्जन्माची गोष्ट म्हणून सुचवत नाही. आपण अंबा आणि शिखंडीची कथा ऐकत मोठे झालोय. जन्म बदलला तरी येणं-देणं सुटत नाही, हे आपल्याला वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

आत्तापर्यंत ॲनिमे म्हणजे टीव्हीवर हिंदीतलं डोरेमॉन आणि शिनचॅन. पहिलं काय लावू?

'कामिसामा किस'. पहिला सीझन २०१२ चा, १३ भाग. दुसरा २०१५ चा, १२ भाग. नानामी नावाची शाळकरी मुलगी आहे. बाप जुगारात सगळं घालवून पळालाय, राहतं घर गेलंय. बागेत कुत्र्याला घाबरून झाडावर चढून बसलेल्या एका माणसाला ती मदत करते आणि तो तिला आपलं घर देऊन टाकतो. पत्ता शोधत जाते तर ते पडकं देऊळ निघतं, आणि आता तिथली देवता तीच. देवळाचा सेवक तोमोए हा कोल्ह्याचा आत्मा. ही असली माणूसपोरगी देवता म्हणून त्याला अजिबात मान्य नाही.

आपल्या प्रेक्षकाला ही गोष्ट पटकन लागते, कारण गावोगावचे क्षेत्रपाल, त्यांचे मानपान, त्यांचे रुसवेफुगवे हे सगळं आपल्या ओळखीचं आहे. देवळात माणसं यायला लागावीत म्हणून नानामी जी खटपट करते, ती बघताना एखाद्या छोट्या गावची जत्रा डोळ्यांसमोर येते. तोमोएचं शेकडो वर्षांपूर्वीचं प्रेम हळूहळू वर येतं. त्याचा नानामीशी काय संबंध, ते मी सांगणार नाही. फक्त दोन सीझन झाल्यावर थांबू नका. भूतकाळाचा भाग पुढे वेगळ्या विशेष भागांत आहे आणि सगळ्या गोष्टीचा जीव तिथेच आहे.

इसेकाई आणि पुनर्जन्म एकच का?

नाही. इसेकाई म्हणजे दुसऱ्या दुनियेत पोहोचणं. कोणी विहिरीतून जातं, कोणाला मंत्र म्हणून बोलावून घेतात, कोणी पुस्तकात ओढलं जातं. मरून तिकडे जन्म घेणं हा त्यातला एक प्रकार. उलट, याच दुनियेत पुन्हा जन्म घेणाऱ्यांच्याही गोष्टी आहेत, त्यांना इसेकाई म्हणत नाहीत. 'द सेंट्स मॅजिक पॉवर इज ऑम्निपोटंट' मधली सेई ऑफिसातून थकून घरी येते आणि थेट दुसऱ्या राज्यात बोलावली जाते. ती मरत नाही, त्यामुळे तिथे पुनर्जन्म शोधू नका. पण औषधी वनस्पती, शांत स्वभावाचा सेनापती आणि बिनघाईचं प्रेम हवं असेल तर जरूर बघा.

गेल्या जन्मीचं अधुरं प्रेम या जन्मी, असं खरंखुरं काही आहे का?

आहे, आणि त्यात 'इनुयाशा'च्या तोडीचं मला काही सापडलेलं नाही. रुमिको ताकाहाशी यांची मांगा (जपानी चित्रकथा) १९९६ ते २००८ चालली. ॲनिमे २००० ते २००४, १६७ भाग, आणि मग २००९-१० मध्ये शेवटचे २६ भाग.

कागोमे ही १५ वर्षांची टोकियोतली मुलगी. घराच्या आवारातल्या जुन्या विहिरीत ओढली जाते आणि पाचशे वर्षं मागे, लढायांच्या काळात बाहेर पडते. तिथे झाडाला बाणाने खिळलेला अर्धा माणूस, अर्धा राक्षस असा इनुयाशा आहे. बाण मारणारी किक्यो नावाची पुजारीण ५० वर्षांपूर्वीच मेलेली. दोघांचं एकमेकांवर प्रेम होतं. तिसऱ्याच कोणीतरी कपट करून दोघांना एकमेकांचे वैरी बनवलं. कागोमे म्हणजे त्याच किक्योचा पुनर्जन्म.

इथपर्यंत गोष्ट नेहमीची वाटेल. पुढे काय होतं बघा. चौदाव्या-पंधराव्या भागात एक राक्षसीण किक्योची हाडं आणि माती कालवून तिचं शरीर पुन्हा घडवते आणि कागोमेचा आत्मा ओढून त्यात घालायला बघते. बराचसा आत्मा कागोमेकडे परततो, पण थोडा किक्योपाशी राहतो. म्हणजे मागचा जन्म आणि हा जन्म, दोघी एकाच वेळी समोरासमोर उभ्या. इनुयाशाने कोणाकडे बघायचं? जिला वचन दिलं आणि जी त्याच्यावर रागावूनच मेली, तिच्याकडे, की जी रोज त्याच्यासोबत चालते तिच्याकडे? कागोमेचं दुखणं तर त्याहून खोल. ज्या बाईचा तिला मत्सर वाटतो, ती एका अर्थी तीच आहे. 'तू माझ्यासाठी आहेस की तिच्यासाठी' हा प्रश्न ती तोंडाने फारसा विचारत नाही. ती विहिरीतून घरी जाते, परीक्षेचा अभ्यास करते आणि परत येते. ते परत येणं मला कुठल्याही कबुलीपेक्षा मोठं वाटतं. किक्योला गोष्टीने खलनायिका केलं नाही, हाही ताकाहाशींचा मोठेपणा. तिचा राग खरा आहे आणि गोष्ट तो मान्य करते.

याच जातीचं जुनं आणि जास्त हलकं हवं असेल तर 'सेलर मून'. १९९२ पासूनची मालिका आहे. चंद्रावरची राजकन्या आणि पृथ्वीचा राजपुत्र मागच्या जन्मी युद्धात मरतात आणि टोकियोत उसागी आणि मामोरू म्हणून जन्मतात. सुरुवातीला दोघांचं एकमेकांशी अजिबात पटत नाही, आणि आठवण परत येते तेव्हा दोघांनाही धक्का बसतो. जुनी मालिका २०० भागांची. २०१४ पासून आलेली 'क्रिस्टल' ही मूळ मांगाला धरून आहे आणि कमी वेळेत होते.

इनुयाशा १९३ भागांचं आहे. सेमिस्टर सांभाळून कसं बघायचं?

सांगो नावाची राक्षस मारणारी मुलगी टोळीत येईपर्यंत सलग बघा. तेवढ्यात तुम्हाला कळेल की हे तुमच्यासाठी आहे की नाही. नंतर रोजचा एक भाग, जेवताना. मधले काही भाग भरतीचे आहेत, त्यात किक्यो, खलनायक नाराकू किंवा ज्याच्या मागे सगळे लागलेत त्या जादुई रत्नाचे तुकडे येत नसतील तर पुढे सरका. शेवटच्या २६ भागांना मात्र घाई करू नका, परीक्षा संपल्यावर बघा.

सगळीकडे 'खलनायिका म्हणून पुनर्जन्म' का दिसतंय? त्यातलं चांगलं कोणतं?

याचं मूळ जपानच्या एका वेबसाइटवर आहे. 'शोसेत्सुका नि नारो' ही २००४ पासूनची साइट. कोणीही तिथे कादंबरी प्रकरणाप्रकरणाने टाकू शकतं, वाचकांना आवडली तर ती छापली जाते, मग मांगा, मग ॲनिमे. तिथल्या वाचक-लेखिकांनी मुलींसाठीच्या प्रेमकथेच्या व्हिडिओ गेमचा साचा घेतला. असल्या गेमची परंपरा १९९४ च्या 'अँजेलिक'पासून सांगतात. गरीब, गुणी नायिका, चार-पाच देखणे तरुण, आणि वाटेत आडवी येणारी श्रीमंत मुलगी. लेखिकांनी विचारलं, त्या आडव्या येणाऱ्या मुलीच्या जागी आपण जन्मलो तर? तिचा शेवट तर आधीच ठरलाय. फाशी नाही तर हद्दपारी. ठरलेल्या प्रारब्धाशी भांडण हा या गोष्टींचा खरा विषय आहे, म्हणून त्या चालतात.

चांगलं कोणतं? 'माय नेक्स्ट लाइफ ॲज अ व्हिलनेस', चाहत्यांच्या तोंडी 'हामेफुरा'. २०२० मध्ये १२ भाग, २०२१ मध्ये आणखी १२. सरदारघराण्यातली कातारिना आठ वर्षांची असताना डोकं आपटून पडते आणि तिला मागचा जन्म आठवतो. मग ती काय करते? देश सोडावा लागला तर पोटाला हवं म्हणून वाड्याच्या बागेत भाजीचा वाफा करते. राजपुत्राने तलवार उपसली तर म्हणून तलवारबाजी शिकते. त्याला सापाची भीती आहे असं कळल्यावर खेळण्यातले साप बनवत बसते, आणि भाग पुढे सरकतात तसतसे ते साप जास्त जास्त खरे दिसायला लागतात. या सगळ्या धडपडीत ती आसपासच्या प्रत्येकाशी इतकी मनापासून वागते की सगळेच तिच्या प्रेमात पडतात, आणि तिला त्याचा पत्ताच नाही.

हसत हसत बघायची मालिका आहे. पण पहिल्या सीझनच्या शेवटाकडे तिचं मागलं आयुष्य परत येतं. आई, घर, जिवलग मैत्रीण. मैत्रीण मागे राहिली, निरोप घ्यायचा राहून गेला. हा भाग आहे म्हणून मी हामेफुरा माझ्या निकषात बसवते. दुसरा सीझन त्या मानाने सैल आहे.

'व्हाय रेलियाना एंडेड अप ॲट द ड्यूक्स मॅन्शन' (२०२३, १२ भाग) हे मूळ कोरियन कादंबरीवरून. इथे नायिका एका कादंबरीतल्या मुलीच्या अंगात येते, आणि ती मुलगी कादंबरीत होणाऱ्या नवऱ्याच्या हातून विष खाऊन मरणार आहे. जीव वाचवायला ती एका ड्यूकशी खोटा साखरपुडा करते. खोट्या साखरपुड्याचं पुढे काय होतं हे तुम्हालाही माहीत आहे, मलाही. तरी दोघांचे संवाद बघायला मजा येते.

तोच जन्म परत परत जगणारी नायिका?

'सेव्हन्थ टाइम लूप' (२०२४, १२ भाग). रिशेचा साखरपुडा मोडतो, घरातून हाकलतात, ती स्वतःच्या पायावर उभी राहते आणि विसाव्या वर्षी मरते. डोळे उघडते तर पुन्हा साखरपुडा मोडण्याचाच क्षण. एका जन्मात व्यापार केला, एकात औषधं शिकली, एकात मोलकरीण झाली, सहाव्यात शूरवीर. त्या सहाव्यात तिला ज्याने मारलं, तोच राजपुत्र आर्नोल्ड सातव्या जन्माच्या सुरुवातीला तिला मागणी घालतो. ती होकार देते, पण अटी घालून.

मला यात आवडतं ते असं की आधीचे सहा जन्म वाया गेलेले नाहीत. नखांना लावायचा रंग असो, विषाची परीक्षा असो की मोलकरणींना काम शिकवणं असो, प्रत्येक जन्मात शिकलेलं तिच्या हाताशी आहे. आणि ज्याची तलवार आपल्या छातीतून गेली हे आठवतंय, त्याच्या शेजारी झोपेतही सावध राहावं लागणार, हे ती स्वतःपासून लपवत नाही. प्रेम हळू येतं, कारण ते हळूच यायला हवं.

हेच हलक्या अंगाने हवं असेल तर 'टिअरमून एम्पायर' (२०२३). राज्यक्रांतीत डोकं उडालेली राजकन्या बारा वर्षांची होऊन परत येते, सोबत रक्ताने माखलेली डायरी.

नायिका रडूबाई नको. आहे का कोणी?

'योना ऑफ द डॉन' (२०१४-१५, २४ भाग). पहिल्या भागात योना लाडावलेली राजकन्याच आहे, तेव्हा पहिल्या भागावरून ठरवू नका. वाढदिवसाच्या रात्री ती ज्याच्यावर प्रेम करते तो चुलतभाऊच तिच्या वडिलांना मारतो. अंगरक्षक हाक तिला घेऊन पळतो. पुढचे एक-दोन भाग ती जवळजवळ बोलतच नाही, आणि हे दिग्दर्शकाने धीराने दाखवलंय.

मग कड्यावरचा प्रसंग येतो. हाकला विषारी बाण लागलेला, तो कड्याच्या टोकाला. शत्रूने योनाचे लांब लाल केस मुठीत धरलेत. लहानपणापासून तिला त्या केसांचं भारी वेड, ते नीट बसत नाहीत म्हणून ती कुरकुरायची. ती तलवार उपसते आणि मुठीतले केस कापून सुटते. त्याच्या हातात नुसते केस राहतात. इथून पुढे ती वेगळीच मुलगी आहे. धनुष्य शिकते, हात सोलून निघेपर्यंत.

पुनर्जन्म यात मागाहून येतो. देशाच्या पहिल्या राजाचा ती अवतार आहे आणि त्याचे ड्रॅगनचं रक्त असलेले चार योद्धे तिला ओळखतात. त्यातला जे-हा म्हणतो की रक्त ओढतंय म्हणून मी कोणाच्या मागे जाणार नाही, मला स्वतःला पटलं तर जाईन. जन्माच्या बंधनापुढे माणसाची मर्जी काय, हा प्रश्न इतक्या स्पष्टपणे विचारणारी मालिका दुर्मीळ. शेवट मात्र मध्येच होतो, पुढे मांगा वाचायची तयारी ठेवा.

मी पेठेत राहतो, तालमीतल्या पोरांसोबत बसून रोमान्स कसा बघू?

भावा, 'योना'च लाव. लढाया आहेत, दोस्ती आहे, आणि हाकचं प्रेम असं आहे की तो ते बोलून दाखवत नाही. मॅच हरल्यावर दोस्ताच्या डोळ्यात पाणी आलेलं चालतं, तर हाकसाठी आलेलंही चालेल.

आई किंवा आजी शेजारी बसली तर?

'माय हॅपी मॅरेज'. पहिला सीझन २०२३ चा, १२ भाग. दुसरा २०२५ मध्ये आला. सावत्र आईच्या घरात मोलकरणीसारखी वागवलेली मियो, आणि तिला दिलं जातं अशा घरात जिथे आधीच्या मुली टिकल्या नाहीत अशी बोलवा आहे. जुन्या जपानसारखा काळ, किमोनो, लाकडी घरं, आणि त्यात अलौकिक शक्ती. पहिल्या सकाळी ती स्वयंपाक करते आणि कियोका विष असेल या संशयाने न जेवता उठतो. नंतर एकदा तो तिच्या हातचं खातो आणि चांगलं झालंय म्हणतो, तेव्हा ती रडायला लागते. जन्मात कोणी तिला तसं म्हटलेलंच नसतं. सबटायटल वाचता न येणाऱ्या आजीलाही ते कळतं. पुनर्जन्म नाही, हे सांगून ठेवते.

'काकुरियो' (२०१८, २६ भाग) पण घरात चालेल. आजोबांचं कर्ज फेडायला नात भुताखेतांच्या दुनियेतल्या एका हॉटेलात खानावळ काढते. बघून झाल्यावर भूक लागते. 'स्नो व्हाइट विथ द रेड हेअर' (२०१५-१६, २४ भाग) यातली औषधं जाणणारी नायिका आणि राजपुत्र एकमेकांशी ज्या आदराने बोलतात, तो आदर मला फार आवडतो.

'मुशोकू तेन्सेई' बघू का? सगळे ग्रेट म्हणतात.

चित्रण अप्रतिम, दुनिया मोठी, आणि वाया गेलेल्या आयुष्यानंतर मिळालेल्या दुसऱ्या संधीचा विचारही गंभीर. पण ३४ वर्षांचा माणूस बाळ म्हणून जन्मतो आणि त्याची बायका-मुलींकडे बघायची नजर मालिका बराच काळ विनोद म्हणून दाखवते. मला ते खटकतं. रोमान्स शोधणाऱ्या मुलींना मी ही मालिका सुचवत नाही, आणि घरच्यांसमोर तर लावूच नका.

'स्लाइम' आणि 'बुकवर्म'मध्ये लव्ह स्टोरी आहे का?

'स्लाइम'मध्ये (पूर्ण नाव 'दॅट टाइम आय गॉट रिइन्कार्नेटेड ॲज अ स्लाइम') राज्य उभारणी आहे, त्यासाठी बघा. 'असेन्डन्स ऑफ अ बुकवर्म' मध्येही समोर प्रेमकथा नाही. पुस्तकवेडी मुलगी अशा दुनियेत जन्मते जिथे गरिबाला पुस्तक परवडत नाही, म्हणून ती कागद बनवण्यापासून सुरुवात करते. करवीर नगर वाचन मंदिरात ज्यांचं बालपण गेलं त्यांनी ही चुकवू नये.

दोन तासांत होईल असं?

'युवर नेम' (२०१६, माकोतो शिन्काई). पुनर्जन्म नाही, शरीरांची अदलाबदल आहे. पण 'आपण आधी कुठेतरी भेटलोय' ही हुरहूर त्याच जातीची. आकाश, तळं, संध्याकाळचा उजेड नीट बघा. बाबूराव पेंटरांनी नाटकांचे पडदे रंगवले त्या गावातली आपण माणसं, मागच्या चित्राकडे आपलं लक्ष जायलाच हवं. त्याहून छोटं हवं तर 'होतारुबी नो मोरी ए' (२०११), पाऊण तासाचं. माणसाचा स्पर्श झाला तर नाहीसा होईल असा जंगलातला मुलगा, आणि दर उन्हाळ्याच्या सुट्टीत त्याला भेटायला येणारी मुलगी. ती वाढते, तो तसाच. रुमाल जवळ ठेवा.

पुनर्जन्म नसला तरी चालेल, पण जादू आणि प्रेम घट्ट पाहिजे.

'द एन्शंट मेजस ब्राइड' आणि 'स्पाइस अँड वुल्फ'. पहिलं गूढ आणि थोडं जड. दुसऱ्यात व्यापारी आणि लांडग्याची देवता गाडीतून गावोगाव फिरतात, बाजारभावावर वाद घालतात, आणि त्या वादातच प्रेम आहे. गुळाच्या सौद्यांच्या गावात हे समजायला अडचण नाही. २०२४ ची नवी आवृत्तीही चांगली.

कुठे बघायचं? मराठीत आहे का?

क्रंचीरोल (ॲनिमेसाठीचं ॲप) आणि नेटफ्लिक्सवर बहुतेक नावं सापडतात, पण हक्क बदलत असतात, तेव्हा पैसे भरण्याआधी तुम्हाला हवी ती मालिका भारतात दिसतेय का हे शोधून घ्या. क्रंचीरोलवर काही मालिका हिंदी डबमध्ये आहेत, भाषेच्या मेनूत बघा. माझ्या मते जपानी आवाज आणि सबटायटल हेच घ्या. पहिले दोन भाग डोळे दमतात, मग सवय होते. आणि किक्योचा जपानी आवाज, तो थंड संथपणा, डबमध्ये हरवतो. चोरीच्या साइटवर जाऊ नका. जाहिरातींतून फोन बिघडतो आणि ज्यांनी रात्रंदिवस बसून चित्रं काढली त्यांना काही मिळत नाही.

घरी वायफाय नसेल तर मित्राकडे ॲपमध्येच डाउनलोड करून घ्या. सगळ्याच प्लॅनमध्ये ती सोय नसते, तेवढं आधी बघा.